१९७६ ची जुनी बोट, व्हॅट भरल्याचं बिल नाही, फ्रान्सला नेऊ की नको?

गॉस्पोर्टकर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक प्रश्न आहे, सांभाळून घ्या.

गेल्या ऑक्टोबरात मी एक जुनी सेलबोट घेतली. वेस्टर्ली सेंटॉर, २६ फुटी, दोन कीलवाली (तळाला दोन उभे पाय असतात तशी), १९७६ ची. साडेचार हजार पाउंडाला मिळाली. इकडे पोर्ट्समथच्या खाडीत चिखलातल्या मुअरिंगवर (बोट बांधायच्या जागेवर) असते, ओहोटीला दोन्ही कीलवर सरळ उभी राहते म्हणून मुद्दाम हीच घेतली, कारण मरिनाचं भाडं मला परवडणारं नाही. ज्यांच्याकडून घेतली त्या आजी आहेत, त्यांचे मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले, १९८८ पासून बोट त्यांच्याकडे होती. व्यवहार अगदी सरळ झाला, बिल ऑफ सेल (खरेदीखत) केलं, आजींनी जुन्या चार्टची एक गुंडाळी पण दिली आणि रडल्या थोड्या.

आता या उन्हाळ्यात बायको आणि मुलाला घेऊन फ्रान्समधल्या शेरबूरला जायचं मनात आहे, सोलेंटमधून बाहेर पडून चॅनल ओलांडून. पण परवा यार्डातला एकजण म्हणाला की व्हॅट पेड असल्याचा पुरावा आहे का, नसेल तर फ्रान्समध्ये अडकवतील, वीस टक्के मागतील, बोट ताब्यात घेतील. मी घरी येऊन फाइल काढली तर माझ्याकडे आजींनी मला दिलेलं बिल ऑफ सेल, १९८८ चं त्यांच्या मिस्टरांच्या नावाचं बिल ऑफ सेल आणि स्मॉल शिप्स रजिस्टरचा (छोट्या बोटींच्या इथल्या सरकारी नोंदवहीचा) मिस्टरांच्याच नावाचा संपलेला कागद एवढंच आहे. १९७६ चं मूळ बिल नाही. एका ब्रोकरला फोन केला तर तो म्हणाला १९८५ च्या आधीची बोट आहे ना, मग काळजीच नको, ती आपोआप माफ. आणि एका यूट्यूबवाल्याचं म्हणणं की ब्रेक्झिटनंतर हे सगळं रद्द झालं.

तिघं तीन गोष्टी सांगतात. खरं काय? एचएमआरसीकडून (इथल्या कर खात्याकडून) व्हॅट पेडचा एखादा दाखला मिळतो का? मी भारतीय पासपोर्टवर आहे, आयएलआर (यूकेत कायम राहायची परवानगी) आहे, त्याने काही फरक पडतो का? रात्री झोप लागत नाहीये, खरंच सांगतो, कारण पैसे जमवून घेतलेली पहिली बोट आहे.

---

चॅनलपार

काही होत नाही रे. मी आठ वर्षं फ्रान्समधल्या ब्रिटनीला जातोय, एकदाही कुणी व्हॅटचं विचारलं नाही. पासपोर्ट बघतात, इन्शुरन्स बघतात, बास. उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस, शेरबूरला जा, सायडर पी, परत ये.

---

हॅम्बलची_शिल्पा

गॉस्पोर्टकर, आधी अभिनंदन, सेंटॉर फार चांगली निवड आहे. १९६९ ते १९८० मध्ये दोन हजारांहून जास्त बांधल्या त्यांनी, सुटे भाग आणि सल्ला दोन्ही मिळतात. आता नीट वाच, कारण तुला तिघांनी जे सांगितलं त्यातलं प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर आहे आणि म्हणूनच गोंधळ होतोय.

तुझ्यासमोर प्रश्न दोन आहेत, एक नाही. एक, फ्रान्समध्ये शिरताना काय लागतं. दोन, परत इंग्लंडात येताना काय लागतं. लोक पहिल्याच्या भीतीने बेजार होतात आणि खरा कागद लागतो तो दुसऱ्याला.

फ्रान्सचं आधी सांगते. ३१ डिसेंबर २०२० ला ब्रेक्झिटचा ट्रान्झिशन पीरियड संपला त्या क्षणी ज्या बोटी यूकेच्या पाण्यात उभ्या होत्या त्यांचं युनियन स्टेटस गेलं, म्हणजे ईयूच्या नजरेने त्या बाहेरच्या झाल्या, मग १९७६ ला व्हॅट भरलेला असो की नसो. तुझी बोट तेव्हा पोर्ट्समथलाच असणार. म्हणजे ईयूमध्ये ‘व्हॅट पेड’ सिद्ध करायचा प्रश्नच उरला नाही. मग जायचं कसं? टेम्पररी अॅडमिशनवर. बोट ईयूबाहेर रजिस्टर झालेली, मालक ईयूबाहेर राहणारा आणि बोट स्वतःच्या फिरण्यासाठी वापरणारा असेल तर १८ महिने कर न भरता ठेवता येते. यात तुझं राहण्याचं ठिकाण बघतात, पासपोर्टचा रंग नाही. पण एक घोळ बहुतेकजण करतात तो करू नकोस. १८ महिने बोटीला आहेत, माणसाला नाहीत. तुला भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागेलच, आयएलआर असलं तरी. बोट शेरबूरला वर्षभर राहू शकते, तू नाही.

त्यासाठी पहिलं काम कर, रजिस्ट्रेशन तुझ्या नावावर घे. मालक बदलला की जुनं स्मॉल शिप्स रजिस्टरचं रजिस्ट्रेशन संपतं, आजींच्या मिस्टरांच्या नावाचा कागद आता कामाचा नाही, फक्त पुरावा म्हणून जपून ठेव. तू यूकेत कायम राहतोस आणि कॉमनवेल्थ नागरिक आहेस, म्हणजे भारतीय पासपोर्टवर पण तुला ते मिळतं, ऑनलाइन होतं. बाहेरच्या बंदरात जाताना हा कागद लागतोच.

आता परत येताना. बोट यूकेबाहेर गेली की परत येणं म्हणजे आयात. रिटर्न्ड गुड्स रिलीफ म्हणून सवलत आहे, की जो माल इथून गेला तोच, त्याच माणसाने, फारसं मूल्य न वाढवता साधारण तीन वर्षांच्या आत परत आणला तर पुन्हा कर नाही. पण ‘पुन्हा’ हा शब्द महत्त्वाचा, म्हणजे आधी बोटीचं स्टेटस इथे स्वच्छ होतं हे दाखवता आलं पाहिजे. तिथे तुझी १९७६ कामाला येते.

ब्रोकर जे म्हणाला ते अर्धवट म्हणाला. नियम दोन तारखांचा आहे. १ जानेवारी १९८५ च्या आधीपासून खाजगी वापरात असलेली बोट, *आणि* ३१ डिसेंबर १९९२ ला मध्यरात्री ईयूमध्ये उभी असलेली बोट, ही व्हॅट भरल्यात जमा धरतात. सिंगल मार्केट १ जानेवारी १९९३ ला सुरू झालं तेव्हाची ही तडजोड, कारण तेव्हाही जुन्या बोटींची बिलं कुणाकडे नव्हती. यातली पहिली तारीख सगळ्यांना पाठ असते आणि दुसरी कुणालाच नाही. नुसतं वय पुरत नाही. बोट १९७६ ची आहे पण ९२ च्या डिसेंबरात गर्न्सीला होती असं निघालं तर अडचण, कारण चॅनल आयलंड्स ईयूमध्ये नव्हतेच, व्हॅटच्या हद्दीतही नव्हते. आइल ऑफ मॅनला असती तर चाललं असतं, ते यूकेच्या व्हॅटमध्येच येतं.

म्हणजे तुला दोन गोष्टी शोधायच्यात: बोट ८५ च्या आधीची आहे हे दाखवणारं काहीतरी, आणि ९२-९३ च्या हिवाळ्यात ती कुठे होती हे दाखवणारं काहीतरी. यार्डात उचलून ठेवल्याची पावती, मुअरिंगचं बिल, हार्बर ड्यूज, इन्शुरन्स, सर्व्हे रिपोर्ट, काहीही. आजींना फोन कर. नवऱ्याने १९८८ ला बोट घेतली आणि शेवटपर्यंत ठेवली, म्हणजे ९२ त्यांच्याच काळातलं आहे, हे तुझं नशीब फार चांगलं आहे. मधे तिघांनी विकलेली बोट असती तर सापडणं मुश्किल होतं.

आणि दाखला? नाही मिळत. एचएमआरसी ‘या बोटीचा व्हॅट भरला आहे’ असं सर्टिफिकेट देत नाही. कुठलाही एक कागद नाही ज्याने हे संपतं.

चॅनलपार, कुणी विचारत नाही हे खरं आहे, मलाही चौदा वर्षांत दोनदाच विचारलं. पण विचारतात तेव्हा तुम्ही पाण्यावर असता आणि कागद घरी असतो. आणि दुसरं, बोट विकायला काढाल त्या दिवशी घेणारा विचारतोच.

---

चॅनलपार

ताई विकण्याचं बरोबर बोललात, माझ्या मित्राचा सौदा त्यावरच मोडला होता गेल्या वर्षी. ९२ चं मला माहीतच नव्हतं. माझी ८३ ची आहे, आता मीच फाइल काढून बघतो.

---

फ्रीसलंडची_मुक्ता

मी नेदरलँड्सला असते त्यामुळे माझं उलटं आहे. मी ईयूची रहिवासी, मला टेम्पररी अॅडमिशन लागूच होत नाही, माझी बोट ईयूमध्ये बीटीडब्ल्यू (इकडचा व्हॅट) भरलेलीच हवी, नाहीतर मला २१ टक्के. सांगते कारण मी यातून गेलेय आणि गॉस्पोर्टकरना हिंमत येईल.

आमची स्टीलची बोट आहे, १९८१ ची, ८ मीटर ४०. एका डच आजोबांकडून घेतली. तिसऱ्या वर्षी एका बंदरात (कुठलं ते राहू दे) कस्टमचे दोघे जण बोटीवर आले, खूप नम्रपणे बोलले, कॉफी घेतली, आणि म्हणाले कागद दाखवा. माझ्याकडे १९९५ पासूनचा इन्शुरन्स होता, त्याच्या आधीचं काही नाही. त्यांनी लिहून घेतलं आणि मुदत दिली. मी रात्रभर रडले आहे, खोटं कशाला बोलू.

मग नवरा म्हणाला आजोबा ज्या क्लबात बोट ठेवायचे तिथे जाऊन बघू. गेलो. सेक्रेटरी बाई सत्तरीच्या, त्यांनी माडीवरून एक मोठी वही खाली आणली, आपल्याकडे किराणा दुकानात लाल कापडाची खतावणी असायची ना तशी जाड, फक्त निळी. प्रत्येक हिवाळ्याचं एक पान. ‘१९९२/९३’ असं वर लिहिलेलं, खाली ओळीने बोटींची नावं, लांबी, शेडमधली जागा आणि गिल्डरमध्ये (जुन्या डच चलनात) रक्कम. आमच्या बोटीचं नाव चौदाव्या ओळीवर. लांबी ८.४०. शाई थोडी फुटली होती पण वाचता येत होतं. त्या बाईंनी पानाची कॉपी काढली, लेटरहेडवर चार ओळी लिहून सही शिक्का दिला, आणि आजोबांच्या मुलाने १९८१ चा बांधणाऱ्याचा कागद शोधून दिला. सगळं जोडून पाठवलं, तीन आठवड्यांनी उत्तर आलं की ठीक आहे.

म्हणून सांगते, सरकारी ठिकाणी नका शोधू आधी. जिथे कुणीतरी भाड्याचे पैसे घेतले तिथे शोधा. पैसे घेणारा लिहून ठेवतोच.

आणि एक, स्वीडन, फिनलंड, ऑस्ट्रियाकडून आलेली जुनी बोट कुणी बघत असेल तर तारखा वेगळ्या आहेत बरं का. ते देश १ जानेवारी १९९५ ला आले, म्हणून तिथे १९८७ च्या आधीची आणि ३१ डिसेंबर १९९४ ला तिथे असलेली. माझी मैत्रीण स्वीडिश बोटीसाठी ९२ चे कागद शोधत बसली होती दोन महिने.

---

क्लिअरिंगवाले_काका

मी बोटवाला नाही. मुंबईत आणि नंतर न्हावा शेव्याला मिळून तीस वर्षं क्लिअरिंगचं काम केलं, आता मुलाकडे रेडिंगला असतो आणि हा विषय वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

बाळा, तू जो शब्द वापरलास ना, ‘दाखला’, तिथेच चूक होते आहे. आपल्याकडे जमिनीचा सातबारा असतो, तलाठ्याकडे गेलं की एका कागदावर मालक कोण, फेरफार कधी झाला सगळं कळतं. बोटीला सातबारा नाही. निदान तुझ्या बोटीला तरी नाही, कारण तू जे स्मॉल शिप्स रजिस्टर म्हणतोस ते मालकीचाही पुरावा मानत नाहीत, मग कराचा कसा मानतील? पार्ट वन रजिस्टर वेगळं, तिथे मालकीचा इतिहास मिळतो, कार्डिफहून उतारा मागवता येतो. तुझी बोट कधी काळी पार्ट वनवर होती का हे मात्र विचारून बघ, कधी कधी पहिला मालक करतो आणि नंतरचे सोडून देतात. डेकच्या बीमवर किंवा केबिनमध्ये कुठे ऑफिशियल नंबर कोरलेला आहे का बघ, असेल तर पार्ट वनला होती.

नसेल तर मग आपली जुनी पद्धत, मदर डीडपासून खाली. पहिलं खरेदीखत, मग दुसरं, मग तिसरं, मधे कडी तुटता कामा नये. तुझ्याकडे १९८८ आहे आणि आत्ताचं आहे. १९७६ ते १९८८ चं काय? ८८ च्या बिल ऑफ सेलवर विकणारा कोण आहे ते वाच. माणूस आहे की कंपनी? हे फार महत्त्वाचं. कंपनी असेल, भाड्याने बोट देणारी असेल, तर तिने घेताना व्हॅट परत घेतला असण्याची शक्यता असते आणि मग विकताना लावला का हा प्रश्न येतो. खाजगी माणसाने खाजगी माणसाला विकली तर त्यावर व्हॅट नसतोच, बोटीचं जे स्टेटस होतं तेच पुढे जातं.

दुसरं, मूळ बिल का सापडत नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. इथे धंदेवाल्याने व्हॅटचं रेकॉर्ड सहा वर्षं ठेवायचं असतं. पन्नास वर्षांपूर्वीचं कोण ठेवेल. बांधणारी कंपनीही आता नाही. पण एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे, या देशात व्हॅट १ एप्रिल १९७३ ला सुरू झाला, तुझी बोट ७६ ची, म्हणजे नवीन विकली तेव्हा व्हॅट अस्तित्वात होता.

आणि तिसरं, आजींना त्रास न देता जमत असेल तर त्यांच्याकडून स्टॅट्युटरी डिक्लेरेशन करून घे. आपलं प्रतिज्ञापत्र असतं तसंच, सॉलिसिटरसमोर सही करायची, १८३५ च्या कायद्याचं आहे. ‘माझ्या पतीने अमुक साली बोट घेतली, ती डिसेंबर १९९२ मध्ये अमुक ठिकाणी होती, तेव्हापासून खाजगी वापरात होती.’ नुसत्या प्रतिज्ञापत्रावर कुणी समाधानी होणार नाही, पण पावतीच्या सोबत जोडलं तर पावतीला वजन येतं. आणि खरं सांगू का, त्या माउलीचं वय बघता हे उद्यावर टाकू नकोस.

---

गॉस्पोर्टकर

काका, शिल्पाताई, मुक्ताताई, कसे आभार मानू कळत नाही. काका मी ८८ चा कागद आत्ता काढून वाचला, विकणारा माणूस आहे, कंपनी नाही. ऑफिशियल नंबर कुठे नाही, टॉर्च घेऊन सगळी केबिन पालथी घातली.

आजींना फोन करायला संकोच वाटतोय पण करतो. रविवारी.

---

बँगोरचा_नितीन

इकडे नॉर्दर्न आयर्लंडातून थोडंसं. आमच्याकडे ३१ डिसेंबर २०२० ला ज्या बोटी होत्या त्यांना दोन्हीकडचं स्टेटस मिळालं, यूके पण आणि युनियन पण. माझी बेलफास्टच्या खाडीजवळ होती म्हणून मी मरिनाचं डिसेंबर २०२० आणि जानेवारी २०२१ चं बिल लॅमिनेट करून ठेवलंय (लॅमिनेट करू नये म्हणतात ओरिजिनल, मी कॉपी केलीये).

सगळ्यांना एकच सांगणं, आज आपण १९९२ ची पावती शोधतोय तशी अजून वीस वर्षांनी लोक २०२० ची शोधणार आहेत. त्या रात्री तुमची बोट कुठे होती याचा कागद आत्ता ईमेलमध्ये असेल, तो काढून ठेवा. मरिना बदलल्या की जुने अकाउंट बंद होतात.

---

गॉस्पोर्टकर

मंडळी, जाऊन आलो. जरा सविस्तर लिहितो कारण कुणाला तरी उपयोग होईल.

आजींनी फोनवरच विचारलं की तू जेवायला येशील का. गेलो. मी बायकोने केलेल्या शंकरपाळ्या नेल्या. त्यांनी माळ्यावरून बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे काढून ठेवले होते, म्हणाल्या त्यांनी कधी काही फेकलं नाही, मी त्यावरून भांडायचे. एका डब्यात नुसत्या पावत्या, रबर बँड लावलेल्या, वर्षाप्रमाणे. रबर बँड हात लावला की तुटत होते, कागदाला चिकटलेले. १९९१, मग १९९३, मधलं ९२ नाहीच. माझं तोंड उतरलं असणार कारण त्या म्हणाल्या थांब, आणि ९३ चा गठ्ठा स्वतः उलगडला. यार्डवाल्याने हिवाळ्याचं बिल बोट परत पाण्यात सोडताना दिलं होतं! म्हणून ते ९३ मध्ये लावलेलं. गुलाबी कार्बन कॉपी आहे, फिकट, उजेडाकडे धरली की वाचता येते: नोव्हेंबर १९९२ ला उचलली, डोलकाठी काढली, जमिनीवर ठेवली, एप्रिल १९९३ ला पाण्यात सोडली. यार्ड हॅम्पशायरमधलंच. खाली ‘पफिन’ असं बोटीचं नाव आणि आजींच्या मिस्टरांची सही.

मी आनंदाने जवळजवळ ओरडलोच. पण घरी येताना ट्रेनमध्ये डोक्यात आलं की पावतीवर फक्त नाव आहे. पफिन नावाच्या बोटी इथे किती असतील. नंबर काहीच नाही. ही हीच पफिन हे कसं दाखवायचं?

---

हॅम्बलची_शिल्पा

वाचून अंगावर काटा आला. आजींना माझा नमस्कार सांग.

तुझी शंका अगदी बरोबर आहे आणि फार कमी लोकांच्या लक्षात येते. पावती कागदाची असते, बोट फायबरग्लासची, दोघांच्या मधे काहीतरी नंबर लागतो. आजच्या बोटींना हल आयडेंटिफिकेशन नंबर असतो, १९९८ च्या जूनपासून सक्तीचा, तुझ्या काळात नव्हता तसा. पण तुझ्या बोटीवर तीन नंबर असतील. शिडावरचा सेल नंबर, बांधणाऱ्याचा बिल्ड नंबर, आणि इंजिनाचा सीरियल नंबर. आता डब्यातले बाकीचे कागद बघ, ज्यावर ‘पफिन’ आणि यातला कुठलाही एक नंबर एकत्र आहे असा एक कागद शोध. इन्शुरन्सच्या फॉर्मवर बहुतेकदा सेल नंबर असतो. तो सापडला की साखळी पूर्ण.

---

गॉस्पोर्टकर

सापडलं!! १९९१ च्या गठ्ठ्यात. आजींच्या मिस्टरांनी तेव्हा जुनं इंजिन काढून यानमारचं नवीन बसवलं होतं, त्या मेकॅनिकच्या बिलावर ‘सेंटॉर, पफिन’, सेल नंबर आणि इंजिनाचा नंबर तिन्ही आहेत. आत्ताच मुअरिंगवर जाऊन आलो, ओहोटी होती, गुडघाभर चिखलातून. इंजिनाच्या खोबणीत आरसा आणि मोबाइल घालून प्लेटचा फोटो काढला, तेल पुसून. नंबर तोच. शिडाच्या पिशवीत जुनं मेनसेल आहे, त्यावरचा नंबर पण तोच. हात अजून थरथरतायत टाइप करताना.

शिवाय १९८८ ला घेताना केलेला सर्व्हे रिपोर्ट पण डब्यात होता, त्यात बांधणीचं वर्ष १९७६ आणि ‘खाजगी वापर’ असं लिहिलंय. म्हणजे पहिली तारीख पण झाली.

---

क्लिअरिंगवाले_काका

शाब्बास. आता क्रमाने लाव: सर्व्हे, ८८ चं खरेदीखत, ९१ चं इंजिनाचं बिल, ९२-९३ ची पावती, तुझं खरेदीखत, तुझं रजिस्ट्रेशन. वरती एक पान लिही, कुठल्या कागदाने काय सिद्ध होतं ते एकेका ओळीत. तपासणारा माणूस पण थकलेला असतो, त्याला शोधायला लावलं की तो चिडतो आणि हाती दिलं की बघतो. हे मी तीस वर्षांत शिकलो. आणि कार्बन कॉपी आहे म्हणतोस, ती आधी स्कॅन कर, रंगीत कर, ती रोज पुसट होते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोटीवर नेऊ नकोस, ओल लागेल. ओरिजिनल घरी.

---

हॅम्बलची_शिल्पा

काकांशी सहमत. आता फक्त जाण्या-येण्याचं. निघताना ऑनलाइन प्लेझर क्राफ्ट रिपोर्ट भरायचा, निघण्याआधी किमान दोन तास, आणि परत येताना पुन्हा. त्याची कॉपी ठेव, कारण बोट इथून गेली आणि तूच परत आणलीस याचा तोच पुरावा आहे. परत येताना यूकेच्या बारा मैलांच्या हद्दीत शिरलास की पिवळा क्यू झेंडा लाव. मुअरिंगचं बिल दरवर्षी जपून ठेव, बोट इथेच असते हे त्याने कळतं. फ्रान्समध्ये मोठं काही काम करून घेऊ नकोस, किरकोळ दुरुस्ती चालते, नवीन इंजिन नाही.

आणि सर्वात वाईट काय होऊ शकतं हे पण मनात स्पष्ट ठेव म्हणजे झोप लागेल. कर बोटीच्या आत्ताच्या किमतीवर लागतो. साडेचार हजाराचे २० टक्के म्हणजे नऊशे पाउंड. वाईट आहे पण घर जात नाही. आणि तुझ्याकडे आता जे कागद आहेत ते मी बघितलेल्या बहुतेक जुन्या बोटींपेक्षा चांगले आहेत.

---

फ्रीसलंडची_मुक्ता

कधी इकडे बोट आणून ठेवायची किंवा विकायची वेळ आली तर मात्र इकडच्या करासाठी ही फाइल पुरणार नाही हे लक्षात असू द्या, तुमची बोट २०२० ला तिकडे होती. इकडे विकली तर घेणाऱ्याला आयात करावी लागेल. ईयूमधल्या बोटींना युनियन स्टेटस दाखवायला टी टू एल नावाचा कागद लागतो, तो १ मार्च २०२४ पासून ऑनलाइन झालाय. फिरायला मात्र बिनधास्त या. इथे आलात तर आमच्याकडे पिठलं-भाकरी.

---

गॉस्पोर्टकर

नक्की येणार मुक्ताताई. रजिस्ट्रेशनचा अर्ज आज भरला. व्हिसाची अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारी आहे. आजी म्हणाल्या डिक्लेरेशनला त्या येतील, त्यांच्या शेजारणीचा मुलगा सॉलिसिटर आहे. एकच अट घातली त्यांनी, शेरबूरहून मिस्टर दरवेळी एक पोस्टकार्ड पाठवायचे तसं पाठवायचं. काका, गुलाबी पावती आत्ता स्कॅनरवर ठेवली आहे, सहाशे डीपीआय रंगीत.